गुपित आणि गाणे : ‘सौभद्रा’च्या दीर्घायुष्याची मीमांसा



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना वक्त्याने गंभीर विषय घ्यावा असा एक शिरस्ता आहे, आणि ज्या विषयाला मी आज हात घालणार आहे तो एका हसऱ्या नाटकाचा असल्यामुळे या शिरस्त्याचा भंग होतो आहे असे प्रथमदर्शनी कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु जे नाटक १८८२ च्या नोव्हेंबरात पुण्यातील पूर्णानंद नाट्यगृहात पहिल्या तीन अंकांपुरते रंगभूमीवर आले, पुढील वर्षी पुरे झाले, आणि त्यानंतर नाटकमंडळ्या बुडाल्या, बोलपट आला, रात्रभर चालणारे प्रयोग तीन तासांवर आले, तरी आजतागायत हौशी व धंदेवाईक अशा दोन्ही मंडळींकडून पुनःपुन्हा उभे केले जाते, त्या ‘संगीत सौभद्रा’च्या दीर्घायुष्याचे कारण शोधणे हे काम मला तरी पुरेसे गंभीर वाटते.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपणा सर्वांच्या जिभेवर असते. ‘सौभद्र’ टिकले ते पदांमुळे, असे आपण म्हणतो आणि मोकळे होतो. हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण दाखवायला दूर जावे लागत नाही. याच बळवंत पांडुरंग किर्लोस्करांनी, म्हणजे आपल्या अण्णासाहेबांनी, अवघ्या दोन वर्षांपूर्वी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले होते. त्यात पदे दोनशेहून अधिक, कथा प्रत्यक्ष कालिदासाची, पद्यरचना करणारा हात तोच आणि गाणारे गळेही बव्हंशी तेच. ‘सौभद्रा’त पदे शंभरावर, म्हणजे तुलनेने बरीच कमी. केवळ पदसंख्या, गायकी आणि कथेचे कुलशील यांवर नाटकाचे आयुष्य ठरत असते, तर ‘शाकुंतल’ आज घरोघर असते आणि ‘सौभद्र’ ग्रंथसंग्रहालयात. घडले आहे ते याच्या उलट. तेव्हा पदे चांगली आहेत एवढ्यावर न थांबता, ती पदे नाटकात कोणते काम करतात हे पाहिले पाहिजे. माझा आजचा सिद्धांत थोडक्यात असा की ‘सौभद्रा’तील जवळजवळ प्रत्येक प्रमुख पात्राजवळ एक गुपित आहे, ते गुपित गद्यात बोलण्याची त्याला मुभा नाही, आणि म्हणून गाण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. जेथे गाणे अशा रीतीने अपरिहार्य होते ते संगीत नाटक टिकते. जेथे ते अलंकार म्हणून येते तेथे अलंकाराची रीत बदलताच नाटकही अडगळीत जाते.

हा सिद्धांत बंगळुरात मांडावा असे वाटण्यास एक कारण आहे, आणि ते केवळ आपण येथे राहतो हे नव्हे. मराठी संगीत नाटकाची मुळे ज्या भूमीत आहेत ती बरीचशी याच बाजूची आहे. शहाजीराजांना आदिलशाहीकडून बंगळूरची जहागीर मिळाली, आणि येथील त्यांच्या दरबाराचे, त्यातील अनेक भाषांच्या कवींचे वर्णन जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त आहे, जो राजवाड्यांनी १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. याच शहाजींचा पुत्र एकोजी पुढे तंजावरचा राजा झाला, आणि एकोजीचा पुत्र दुसरा शहाजी याने, सतराव्या शतकाच्या अखेरीस, ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ यासारखी गाण्यांनी भरलेली मराठी नाटके रचली. ही परंपरा तंजावरातच राहिली, पुण्या-सांगलीला तिची वार्ताही नव्हती. १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तसे काही मराठीत करावे अशी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना आज्ञा केली, आणि १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ झाले. त्याच १८४३ साली, बेळगाव-धारवाडकडच्या गुर्लहोसूर गावी, कानडी ज्याच्या कानांवर मराठीइतकीच पडत होती असा एक मुलगा जन्मला. तो म्हणजे अण्णासाहेब किर्लोस्कर. आणि योगायोग पाहा, म्हैसूर दरबारातील ‘अभिनव कालिदास’ बसप्पा शास्त्री, ज्यांनी कानडीत शाकुंतल आणले, त्यांचाही जन्म १८४३ चाच.

देवघेव एकेरी नव्हती हेही येथे नमूद करणे न्याय्य होईल. गदगचे शांतकवी, म्हणजे सक्करी बाळाचार्य, यांनी मराठी नाटकमंडळ्यांच्या दौऱ्यांमुळे कानडी रंगभूमी झाकोळून गेल्याची खंत बाळगून कानडी मंडळी उभी केली, आणि म्हैसूर संस्थानातही चामराजेंद्र वडेयरांच्या आश्रयाने दरबारी नाटकसभा निघाली. कानडीने मराठीला दिले, मराठीने ते वाढवून कानडीपुढे मांडले, आणि कानडीने स्पर्धेच्या भावनेने आपले नवे उभे केले, असा हा हिशेब आहे, आणि त्यात कोणाचेही खाते पुरते बाकीत निघत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. कर्कीच्या मंडळींत गाणारा होता तो भागवत. पात्रे नाचत, हावभाव करीत आणि उत्स्फूर्त भाषण करीत, पण कथेचे पद्य भागवताच्या तोंडी. भाव्यांनी हीच व्यवस्था मराठीत आणली. तेथे सूत्रधार सर्वांच्या वतीने गातो. सीतेचे दुःख सूत्रधार गाणार, रावणाचा गर्व सूत्रधार गाणार, म्हणजे सर्व पात्रांची वकिली एकाच मुखत्याराकडे. किर्लोस्करांनी, पुण्यात पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहिल्यानंतर, हे मुखत्यारपत्र रद्द केले आणि ज्याचे मन त्याचेच गाणे असा नवा कायदा केला. या फेरफाराला आपण केवळ तांत्रिक सुधारणा समजतो. पण त्याचा खरा अर्थ ‘सौभद्रा’तच कळतो. दुसऱ्याच्या तोंडून सांगितलेले मन हे जाहीर वृत्तांत असते. स्वतःच्या तोंडून गायलेले मन मात्र प्रेक्षकांपुरते उघड आणि शेजारी उभ्या असलेल्या पात्रापासून लपलेले असू शकते. गुपिताला रंगभूमीवर घर मिळाले ते या फेरफाराने.

कथानक आपणा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून मी त्याची केवळ गाठ दाखवितो. तीर्थयात्रेस निघालेल्या अर्जुनाला नारदाकडून कळते की बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देण्याचे ठरविले आहे. कृष्णाचा कल अर्जुनाकडे; पण वडील भावाच्या शब्दाला उघड विरोध करणे हे यदुकुलाच्या मर्यादेत बसत नाही. तेव्हा तो मसलत करतो. घटोत्कचाकरवी सुभद्रेला अरण्यात आणवितो. अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन रैवतक पर्वतावर येतो. आणि यतींविषयी अपार पूज्यभाव असलेला बलराम स्वतःच त्याला द्वारकेत नेऊन बहिणीला त्याच्या सेवेस ठेवतो. म्हणजे ज्याच्यामुळे अडथळा आला त्याच्याच हातून, आणि त्याच्या एका सद्गुणामुळे, अडथळा दूर होतो.

कथेच्या या संविधानकाची वंशावळ पाहण्यासारखी आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३३ मध्ये पुऱ्या केलेल्या आदिपर्वाच्या चिकित्सित आवृत्तीत, जी सुकथनकरांनी सिद्ध केली, अर्जुन सुभद्रेला रैवतकाच्या उत्सवानंतर कृष्णाच्या सल्ल्याने सरळ रथात घालून नेतो. संन्याशाचे सोंग तेथे नाही. ते येते दाक्षिणात्य पाठांत, आणि भागवताच्या दशम स्कंधात. म्हणजे ‘सौभद्रा’चा जो प्राण, तो यतिवेष, हे दक्षिणेचे देणे आहे. यक्षगानातही सुभद्राकल्याणाचा प्रसंग चालत आलेला आहे. उत्तरेच्या पाठातील अर्जुन वीर आहे, पण त्याच्यावर संगीत नाटक होऊ शकले नसते. रथ दौडवीत निघालेल्या माणसाला गाण्याचे कारणच काय? दक्षिणेतील अर्जुन मात्र प्रियेच्या दोन हातांवर बसून, तोंडाने वैराग्य बोलत, मनाने अनुरागाचा जप करीत असतो. त्याने गावे हे अटळ आहे.

आता प्रत्येक पात्राची गुपिते मोजून पाहा. अर्जुनाचे गुपित त्याच्या भगव्या वस्त्राखाली आहे. सुभद्रेचे गुपित असे की तिचे मन अर्जुनाकडे आहे आणि तिला बोलण्याची परवानगी नाही. आपण कोणाला शरण जावे, या अर्थाचे तिचे जे प्रसिद्ध पद आहे, त्याची सर्व व्याकुळता यातच आहे की घरात माणसे भरपूर असून ऐकणारे कोणी नाही, आणि जो थोरला भाऊ तिचे रक्षण करावयाचा तोच तिच्या दुःखाचा कर्ता आहे. कृष्णाचे गुपित सर्वांत मोठे, कारण सगळ्यांची गुपिते त्याला माहीत आहेत आणि त्याने त्यांतील एकही फोडलेले नाही. प्रसंगी रुसलेल्या रुक्मिणीची मनधरणी करण्यातही तो रमतो, आणि एवढा कारस्थानी पुरुष घरात बायकोपुढे नमते घेतो हे पाहून प्रेक्षक खुलतो. एकट्या बलरामाजवळ गुपित नाही, आणि म्हणूनच तो साऱ्या नाटकातील एकमेव निष्पाप माणूस आहे. तो दुष्ट नाही. त्याने शब्द दिला आहे, तो पाळावा असे त्याला वाटते, आणि यतीची सेवा घडावी असेही त्याला वाटते; या दोन सदिच्छांच्या कात्रीतच त्याच्या बेताचा धागा तुटतो. खलपुरुषावाचून पाच अंक उभे करणे ही कारागिरी सोपी नाही. दुर्योधनाची भीती नाटकभर आहे, पण तो रंगमंचावर भीती घालायला येत नाही. संकट बाहेरच्या शत्रूने आणलेले नसून घरातल्या प्रेमळ माणसाच्या हट्टाने आणलेले आहे, आणि ही परिस्थिती कोणत्या मराठी घरात कधी ना कधी आली नसेल?

या घरगुतीपणाचा तत्कालीन संदर्भ लक्षात घेतल्यावाचून ‘सौभद्रा’चे धैर्य कळत नाही. नाटक आले १८८२ मध्ये. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी रखमाबाईंवर मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, आणि न कळत्या वयात झालेल्या लग्नाला बांधील राहण्यास स्त्रीने नकार द्यावा काय यावर सारा महाराष्ट्र दुभंगला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला तेव्हा पुन्हा तेच रण माजले. अशा काळात जाणती, वयात आलेली, वडील भावाने ठरविलेल्या वराला मनातून नाकारणारी आणि आपला वर स्वतः निवडणारी मुलगी रंगभूमीवर उभी राहिली, आणि ती भावाला, नातलगांना व साक्षात कृष्णाला पटली, तेव्हा सुधारक व सनातनी या दोघांनीही मांडीला मांडी लावून तिला टाळी दिली. पुराणकथेच्या परवान्यावर अण्णासाहेबांनी जे सीमेपार नेले ते समाजनाट्याच्या नावाखाली नेले असते तर नाक्यावरच अडले असते. पुढे १८९९ मध्ये त्यांच्याच मंडळीत घडलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘शारदे’त तोच प्रश्न उघड्या नावाने मांडला, पण त्याआधी सतरा वर्षे सुभद्रेने मराठी कानांची तयारी करून ठेवली होती. महसूल खात्याच्या दफ्तरात नोकरी केलेल्या या नाटककाराला कोणत्या अर्जाला कोणत्या रकान्यात घातले म्हणजे मंजुरी मिळते हे ठाऊक असावे, असा विनोद करण्याचा मोह मला आवरत नाही.

येथवर मराठीपुरते बोललो. आता परदेशाकडे नजर टाकतो, कारण सिद्धांत खरा असेल तर तो एका भाषेपुरता असू नये. अमेरिकेत ज्याला संगीत विनोदी नाटक म्हणतात त्या प्रकाराला प्रौढत्व आले ते रिचर्ड रॉजर्स व ऑस्कर हॅमरस्टीन यांच्या ‘ओक्लाहोमा!’ या नाटकाने, असे तिकडील अभ्यासक मानतात. ३१ मार्च १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ते आले आणि पहिल्या आवृत्तीचे २,२१२ प्रयोग झाले. तोवर तिकडील अशा नाटकांत पडदा उघडताच सुंदर मुलींचा ताफा नाचत येई. येथे पडदा उघडला तेव्हा एक म्हातारी लोणी काढीत बसली होती आणि पडद्याआडून एका गुराख्याचे गाणे ऐकू येत होते. पण या नाटकाचे वर्म माझ्या मते दुसरेच आहे. नायक-नायिकेचे परस्परांवर प्रेम आहे आणि दोघेही ते मान्य करीत नाहीत. त्यांचे जे सर्वांत लोकप्रिय द्वंद्वगीत, त्यात ते एकमेकांस बजावतात की लोकांना संशय येईल असे वागू नकोस. नाकारण्यासाठी गायलेले गाणे हीच कबुली ठरते. भगवी वस्त्रे नाहीत, त्रिदंड नाही, पण मनाची अवस्था रैवतकावरील यतीचीच आहे. १९५६ च्या ‘माय फेअर लेडी’त, जे शॉच्या ‘पिग्मॅलियन’वर आधारलेले आणि २,७१७ प्रयोग चाललेले, प्राध्यापक हिगिन्स शेवटपर्यंत प्रेम हा शब्द उच्चारीत नाही, आपल्याला तिची सवय जडली आहे एवढेच तो चिडून गातो, आणि प्रेक्षकाला जे समजायचे ते समजते. शॉने हयातीत ‘पिग्मॅलियन’चे संगीत नाटक करू दिले नव्हते, आणि आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांनी त्याच मूळ नाटकावरून १९७५ मध्ये ‘ती फुलराणी’ दिले, ज्यात भक्ती बर्व्यांनी मराठी भाषेच्या बोलींचा सारा खजिना उधळला. या अमेरिकन नाटकांचे तिकडील शाळा-महाविद्यालयांत व हौशी मंडळांत आजही प्रयोग होतात; २०१९ मध्ये ‘ओक्लाहोमा!’ अगदी निराळ्या, काळोख्या रूपात ब्रॉडवेवर पुनश्च आले आणि मानाचे टोनी पारितोषिक घेऊन गेले. गोव्यातील देवळांच्या उत्सवांत गावकऱ्यांनी ‘सौभद्र’ उभे करावे, हा त्याच प्रकारचा जिव्हाळा आहे. धंद्याचा हिशेब संपल्यावर जे शिल्लक राहते ते लोकांनी आपलेसे केलेले असते.

पुन्हा आपल्याकडे येऊन याच कसोटीवर दुसरी दोन चिरंजीव नाटके घासून पाहू. खाडिलकरांच्या १९११ च्या ‘मानापमाना’त भामिनी वनमालेच्या वेषात धैर्यधराला पारखते; देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त, ज्याचे मूळ मोलियेरपर्यंत जाते आणि जे १९१६ मध्ये संगीत होऊन आले, कोणीच काही लपविलेले नसताना सर्वांना सर्वांजवळ गुपित आहे असे वाटते, म्हणजे गुपिताचा आभासच नाटक चालवितो. आपल्या संगीत रंगभूमीवरील हसणारी जी नाटके अजून जिवंत आहेत त्यांतील ही प्रमुख तीन, आणि तिन्हींत लपाछपी. ही गोष्ट मला केवळ योगायोगाची वाटत नाही.

परंतु ज्या गाण्याने ‘सौभद्र’ जगविले त्यानेच ते अनेकदा मरणाच्या दारीही नेले, हेही सांगितले पाहिजे. अण्णासाहेबांची पदे आटोपशीर होती. साकी, दिंडी, कामदा, लावणीचे वळण, आणि आपल्या मुलखातून आणलेल्या कानडी चाली, यांतून शब्द ऐकू यावा असा त्यांचा बंदोबस्त होता. बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांचा गळा सुभद्रेला लाभला आणि ‘वन्स मोअर’चे युग सुरू झाले. पुढे गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमाना’ला, भास्करबुवा बखल्यांनी १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला ठुमरी-ख्यालाचे वैभव दिले, आणि ते वैभव मागे वळून ‘सौभद्रा’तही शिरले. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, जयराम व जयमाला शिलेदार, कृष्णाच्या भूमिकेने घराघरांत पोहोचलेले छोटा गंधर्व, या सर्वांनी त्यात आपापली मोलाची भर घातली. पुरुषाने सुभद्रा करण्यापासून स्त्रीने सुभद्रा करण्यापर्यंतचा प्रवास याच नाटकाने पाहिला. पण एकेक पद अर्धा-अर्धा तास रंगू लागले म्हणजे पात्राचे गुपित विरघळून जाते. यती यती राहत नाही, गवई होतो. आणि शेजारी बसलेली सुभद्रा संहितेत जे ऐकू शकत नाही ते आता तिलाच काय, साऱ्या द्वारकेला ऐकू जाते. मैफल उत्कृष्ट होते, नाटक मात्र उठून गेलेले असते. अशा प्रयोगांनंतरही ‘सौभद्र’ पुन्हा नाटक म्हणून परत आले, हा त्याच्या हाडांचा बळकटपणा होय.

म्हणून या नगरातील हौशी मराठी मंडळींना, ज्यांच्यापुढे रवींद्र कलाक्षेत्रासारखी रंगमंदिरे आणि कानडी रंगकर्मींचा अनुभवी शेजार आहे, माझी सूचना अशी : ‘सौभद्र’ अवश्य करावे, आणि ते कापावेच लागेल, कारण आजच्या प्रेक्षकाजवळ रात्र नाही. कात्री चालविताना मात्र तानांवर चालवावी, पदाच्या आधीच्या गद्यावर चालवू नये. कारण त्या गद्यात पात्र काय लपवीत आहे हे ठरते, आणि लपविण्याजोगे काही नसेल तर पुढचे पद कितीही सुरेल झाले तरी ते निव्वळ गायन होईल. बलरामाला विदूषक करू नये. त्याची श्रद्धा खरी वाटली तरच कृष्णाचा कावा गोड वाटतो, नाहीतर एका भोळ्या माणसाला सर्वांनी मिळून फसविल्याची कडवट चव मागे राहते. कृष्णाने प्रेक्षकांकडे पाहून डोळे मिचकावू नयेत. त्याने आपले गुपित राखले की प्रेक्षक आपण होऊन त्याच्या कटात सामील होतो, आणि हे सामील होणे हाच या नाटकाच्या आनंदाचा गाभा आहे. शेवटची गोष्ट, ज्या पदांच्या चाली मुळात कानडी आहेत त्या, जमेल तेथे, एखाद्या जाणत्या कानडी कलावंताकडून तपासून घ्याव्यात. अण्णासाहेबांनी इकडून नेलेले ऋण इकडच्याच मातीत फेडण्याची अशी संधी पुण्या-मुंबईच्या मंडळींना मिळणार नाही; ती आपल्याला आहे.